रेड वाइन : पेय की औषध?

‘‘डॉक्टर, रेड वाइन हृदयाला चांगली असते म्हणतात, ते खरे का?’’ हा प्रश्न पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणच्या माझ्या रुग्णांकडून हल्ली महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो. विचारणारे बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात. रक्तदाबाची गोळी चालू असते, कोणाची साखर थोडी वाढलेली असते. पूर्वी हा प्रश्न मुंबईहून आलेला एखादा पाहुणाच विचारी. आता कोणाचा मुलगा परदेशी नोकरीला आहे, कोणी नाशिकच्या द्राक्षमळ्यांची सहल करून आलेले आहेत. घरात बाटली येते, काही दिवस शोकेसमध्ये मिरवते आणि मग ‘औषध’ म्हणून उघडली जाते.

मध्यंतरी एका रुग्णाच्या इंजिनिअर मुलाने फ्रान्सहून आणलेली अशीच एक बाटली मला दाखवायला आणली. दक्षिण फ्रान्समधील रोन नदीच्या खोऱ्यातील ती रेड वाइन होती. ‘‘बाबांना रोज किती देऊ?’’ असा त्याचा सरळ प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईल. पण नुसते ‘नको’ म्हटले की लोकांना ते जुन्या वळणाच्या डॉक्टरांचे सोवळे वाटते. म्हणून या लेखात आधी ही वाइन म्हणजे नेमके काय, तिचा रंग, चव आणि गुण कशामुळे येतात ते पाहू आणि मग हृदयाकडे वळू.

लाल रंग कोठून येतो?

काळे द्राक्ष सोलून पाहा. आतला गर बहुधा पांढुरका असतो. रंग असतो तो सालीत. आपल्या जांभळाचेही तसेच आहे. रेड वाइन करताना काळी द्राक्षे ठेचून रस, साली आणि बिया एकत्रच आंबत ठेवतात. सालींवर आणि वाइनच्या कारखान्यात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात, काही ठिकाणी ते मुद्दाम घालतात. हे यीस्ट रसातील साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू असे दोन पदार्थ तयार करते. ताडामाडावरून सकाळी उतरवलेली गोड ताडी-माडी दुपारपर्यंत फेसाळते आणि संध्याकाळी ‘चढते’, त्यामागे हीच क्रिया आहे. माडीत ती काही तासांत होते, वाइनमध्ये एक-दोन आठवडे चालते. या काळात सालीतला रंग आणि सालीबियांतला तुरटपणा रसात उतरतो.

हा तुरटपणा ज्या पदार्थांमुळे येतो त्यांना टॅनिन म्हणतात. चहा फार वेळ उकळला की जीभ आखडते, सुपारी चघळली की तोंडाला मिठी बसते, ते टॅनिनमुळेच. टॅनिन तोंडातल्या लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. रेड वाइन पहिल्यांदा चाखणारा माणूस तोंड वाकडे करतो त्याचे कारण हेच. त्याला द्राक्षाच्या सरबताची अपेक्षा असते आणि हाती येतो तुरट, आंबूस काढा.

आपण खातो ती बिनबियांची, पातळ सालीची द्राक्षे वाइनसाठी फारशी वापरत नाहीत. वाइनची द्राक्षे लहान, बियांची आणि जाड सालीची असतात. पण गोडी भरपूर असते.

‘ड्राय’ म्हणजे काय?

बाटलीवर किंवा बोलण्यात ‘ड्राय’ हा शब्द येतो. ओल्या पदार्थाला कोरडे कसे म्हणायचे, असे मला एका आजोबांनी विचारले होते. ड्राय म्हणजे ज्यात साखर जवळपास उरलेली नाही अशी वाइन. एक लिटर द्राक्षरसात सुमारे २३० ग्रॅम साखर असेल, तर ती सगळी आंबून साधारण साडेतेरा टक्के मद्यार्क तयार होतो. बाटलीबंद शीतपेयाच्या लिटरमध्ये शंभर-एकशेदहा ग्रॅम साखर असते, हे लक्षात घेतले की तो रस मुळात किती गोड असतो याची कल्पना येईल. ड्राय वाइनमध्ये यातली लिटरमागे तीन-चार ग्रॅमच उरते.

इथेच मधुमेही माणसाची फसगत होते. ‘‘गोड लागत नाही, म्हणजे मला चालेल,’’ असे तो समजतो. साखर गेली हे खरे. पण ती नाहीशी झाली नाही, तिचा मद्यार्क झाला. एक ग्रॅम साखरेपासून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम मद्यार्कापासून ७. शिवाय मद्यार्क पोटात असेपर्यंत यकृत त्याच्याच मागे लागते आणि रक्तात नवी साखर सोडण्याचे त्याचे नेहमीचे काम मागे पडते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणारा माणूस रात्री वाइन पिऊन नीट न जेवता झोपला, तर पहाटे त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. घरच्यांना वाटते, चढली आहे, झोपू द्या. हे झोपू देणे जिवावर बेतू शकते.

एकाच बाटलीत अनेक द्राक्षे

दक्षिण फ्रान्सच्या रेड वाइनचे वैशिष्ट्य असे की ती बहुधा एका जातीच्या द्राक्षाची नसते, मिश्रण असते. आपल्याकडे आगरी-कोळी मसाला कांडायला नेताना गृहिणी एकाच जातीची मिरची घेत नाही. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटपणासाठी. प्रत्येकीचे काम ठरलेले असते. तिकडेही तसेच आहे. ग्रनाश नावाचे द्राक्ष गोडी भरपूर धरते, त्यामुळे त्यातून मद्यार्क जास्त येतो आणि वाइनला भरीवपणा येतो. सिरा हे द्राक्ष गडद रंग आणि मिरीसारखा वास देते. मूर्वेद्र तुरटपणा आणि टिकाऊपणा देते. शातोनफ द्यु पाप या तिथल्या प्रसिद्ध गावाच्या वाइनमध्ये तर तेरा जातींच्या द्राक्षांना परवानगी आहे.

सिराचा मिरीसारखा वास ही कल्पनाशक्तीची करामत नव्हे. रोटंडोन नावाचा एक पदार्थ या द्राक्षाच्या सालीत असतो, आणि तोच आपल्या काळ्या मिरीतही असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिले. हेच सिरा द्राक्ष ‘शिराझ’ या नावाने आपल्या नाशिक जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर लावले जाते. नावावरून ते इराणमधील शिराझ शहरातून आले असे लोक म्हणत. पण १९९८ मध्ये झालेल्या जनुकीय तपासणीत त्याचे आईबाप दोन्ही फ्रान्सचेच निघाले.

त्या भागात उन्हाळा कडक, पाऊस कमी आणि उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा वारा वाहतो. तो वेलींना वाळवून बुरशीपासून वाचवतो. आपल्या पेण-रोह्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा द्राक्षाची वेल इथे नांदणार नाही. नाशिकला ती नांदली. पुणे जिल्ह्यात नारायणगावला १९८० च्या दशकात वाइनचा कारखाना उभा राहिला. नाशिकला १९९९ मध्ये सुला कंपनी सुरू झाली आणि २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आणले. फ्रान्समध्ये द्राक्षाची तोडणी उन्हाळा सरताना सप्टेंबरच्या सुमारास होते. आपल्याकडे थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, साधारण जानेवारी ते मार्च.

त्या फ्रेंच वाइनची मी चव घेतली, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पिकलेली करवंदे, जांभूळ, थोडी मिरी आणि वाळलेल्या पाल्याचा वास, जिभेवर आंबट-तुरट, आणि घशाखाली उतरताना ऊब. बाकी सारे द्राक्षाचे आणि मातीचे. ती ऊब मात्र मद्यार्काची. लेबलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात १४ टक्के असे लिहिले होते. माझ्यासारख्या डॉक्टरने वाचायचा मजकूर तेवढाच.

पेल्याचा हिशेब

आता थोडे गणित करू. ७५० मिलिलिटरच्या, साडेतेरा टक्क्यांच्या बाटलीत सुमारे १०० मिलिलिटर, म्हणजे वजनाने ८० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम असतो. म्हणजे वाइनची एक बाटली आणि व्हिस्कीचे चार मोठे पेग यांत मद्यार्क सारखाच. साध्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम.

परदेशात वाइनचा एक पेला म्हणजे १०० ते १५० मिलिलिटर. आपल्याकडे घरात वाइनचा पेला नसतो, असतो तो पाणी प्यायचा स्टीलचा ग्लास, आणि तो काठोकाठ भरला तर अडीचशे मिलिलिटर होतो. त्यात २७ ग्रॅम मद्यार्क गेला, म्हणजे मोठ्या पेगहून जास्त. ‘‘डॉक्टर, मी फक्त एक ग्लास घेतो,’’ असे कोणी सांगितले की मी आधी ग्लास केवढा ते विचारतो. आणि एका बाटलीतल्या मद्यार्काच्या कॅलरी सुमारे ५६०, म्हणजे साधारण तीन तांदळाच्या भाकरींएवढ्या. त्यात पोषण मात्र जवळजवळ नाही.

हृदयाची गोष्ट सुरू झाली कशी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात असे सांगण्यात आले की फ्रेंच लोक लोणी, चीज, मांस भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो. कारण ते रेड वाइन पितात. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, सर्ज रनो या फ्रेंच संशोधकाचा या विषयावरील लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहराचा विशेष उल्लेख होता. अमेरिकेत रेड वाइनचा खप एकदम वाढला आणि ही गोष्ट जगभर पसरली. आपल्याकडे ती पोहोचायला काही वर्षे लागली, पण रुजली ती घट्ट.

गंमत अशी की त्याच १९९१ सालच्या जानेवारीत फ्रान्सने स्वतःच्या देशात दारू आणि तंबाखूच्या जाहिरातींवर कडक निर्बंध आणणारा कायदा केला होता. यकृताच्या सिरोसिसने माणसे मरताना त्या देशाने पाहिली होती. १९६० च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन प्यायली जाई. आज ते प्रमाण निम्म्याहूनही खाली आले आहे. तिथल्या आरोग्य तज्ज्ञांनी २०१७ मध्ये लोकांना सांगितले की प्यायचीच असेल तर दिवसाला दोन प्रमाणित पेल्यांच्या वर नको, आठवड्याला दहाच्या वर नको आणि रोज तर नकोच. हा प्रमाणित पेला म्हणजे १०० मिलिलिटर वाइन. ज्यांच्या नावाने आपण औषध घ्यायला निघालो, ते स्वतः असे सांगतात.

मग संशोधनाचे काय झाले?

त्या काळी अनेक पाहण्यांत असे दिसे की थोडी पिणाऱ्यांना हृदयविकार कमी आणि अजिबात न पिणाऱ्यांना थोडा जास्त. पण ‘न पिणारे’ कोण असतात? आपल्याच गावाचा विचार करा. साठीच्या वयात एक थेंबही न घेणाऱ्यांत आयुष्यभर निर्व्यसनी राहिलेले असतात, तसे कावीळ झाली, पोटात पाणी झाले, झटका येऊन गेला म्हणून डॉक्टरांनी दारू सोडायला लावलेलेही असतात. हे आजारी लोक ‘न पिणाऱ्यां’च्या रांगेत उभे केले की ती रांग आजारी दिसणारच. ब्रिटिश संशोधक शेपर यांनी १९८८ मध्येच हा दोष दाखवून दिला होता. दुसरे असे की जेवणासोबत बेताने वाइन घेणारी माणसे बऱ्याचदा सुस्थितीतली असतात, भाजीपाला खातात, फिरतात, वेळेवर तपासणी करतात. त्यांच्या चांगल्या प्रकृतीचे श्रेय वाइनला मिळून जाते.

१९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन संशोधकांनी दाखवले की फ्रान्समध्ये हृदयविकाराच्या काही मृत्यूंची नोंद त्या कारणाखाली होतच नव्हती, आणि प्राणिज चरबी खाण्याचे प्रमाणही तिथे इंग्लंडच्या मानाने अलीकडेच वाढले होते. धमन्या तुंबायला अनेक वर्षे लागतात. आज खाल्लेल्या लोण्याचा हिशेब उद्या होत नाही.

अलीकडे जनुकीय पद्धतीने अभ्यास होतात. काही लोकांत जन्मतःच असे जनुक असतात की त्यांना दारू सोसत नाही, म्हणून ते कमी पितात; आजारपणामुळे किंवा श्रीमंतीमुळे नव्हे. चीनमधील सुमारे ५ लाख लोकांच्या पाहणीतून केलेला असा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दारूचे प्रमाण वाढते तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढत जातो, आणि थोड्या पिण्याने पक्षाघातापासून संरक्षण मिळते असे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

राहिला तो रेस्व्हेराट्रॉल. द्राक्षाच्या सालीतील या पदार्थाचा फार गाजावाजा झाला. एक लिटर रेड वाइनमध्ये तो काही मिलिग्रॅम असतो. प्रयोगांत माणसांना कित्येकदा पाचशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिला गेला. तेवढा वाइनमधून मिळवायचा तर शंभरएक लिटर प्यावी लागेल. इटलीच्या क्यांती भागात, जिथे रोजच्या जेवणात वाइन असते, तिथल्या पासष्ट वर्षांवरील ७८३ लोकांचा नऊ वर्षे अभ्यास झाला. शरीरात रेस्व्हेराट्रॉल जास्त असणाऱ्यांत मृत्यू, हृदयविकार किंवा कर्करोग कमी आढळले नाहीत. हा अहवाल २०१४ चा आहे.

कर्करोगाविषयी तर शंका उरलेली नाही. मद्यपेये माणसात कर्करोग निर्माण करतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्त्रियांचे स्तन या ठिकाणी धोका वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित म्हणता येईल असे मद्याचे कोणतेच प्रमाण नाही. याचा अर्थ लग्नात एक पेला घेतलेला माणूस दगावतो असा नाही. थोड्याला थोडा धोका, जास्तीला जास्त धोका. पण फायदा म्हणून प्यावी असे प्रमाण नाही.

‘ही दारू नव्हे’

काही महिन्यांपूर्वी रोह्याकडचे एक निवृत्त गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले. वय अठ्ठावन्न. डोके दुखते, रात्री छातीत धडधडते अशी तक्रार. रक्तदाब १७२/१०४ निघाला. गोळी वेळेवर घेता का, असे विचारले तर म्हणाले, ‘‘एक दिवसाआड घेतो. रोज रात्री रेड वाइन चालू आहे ना, मग दोन-दोन औषधे कशाला?’’ त्यांच्या पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, वीस वर्षांपूर्वी यांनी दारू सोडली. मी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. आता म्हणतात, ही दारू नव्हे. मला सांगा, शपथ मोडली की नाही?’’

शपथेचे उत्तर देणे माझे काम नव्हते. पण दारू आहे की नाही याचे उत्तर मी त्या दोघांसमोर दिले: आहे. सुरुवात एका पेल्याने झाली होती, तीन महिन्यांत अर्धी बाटली झाली होती. ज्याने एकदा मोठ्या कष्टाने दारू सोडली आहे त्याला वाइनचा एक पेलाही परत त्याच वाटेवर नेऊ शकतो. मेंदू बाटलीचा आकार पाहत नाही, मद्यार्क ओळखतो. त्यांच्या हृदयाचा आलेख काढला, गोळी रोज सुरू केली. वाइन मात्र एकदम तोडली नाही. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवले तर हातपाय थरथरणे, भ्रम, आकडी असे प्रकार होऊ शकतात, म्हणून देखरेखीखाली काही दिवसांत बंद केली. सहा आठवड्यांनी रक्तदाब १३८/८६ वर आला आणि धडधड थांबली.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा बराच वाद झाला. वाइन म्हणजे दारू नव्हे, असे तेव्हा जाहीरपणे म्हटले गेले. द्राक्षबागायतदाराच्या मालाला भाव मिळावा, याबद्दल माझे दुमत नाही. बेदाणे, रस आणि वाइन हे त्याचे तिन्ही मार्ग आहेत. पण वाइन दारू आहे की नाही हे तिच्यातील मद्यार्क ठरवतो, तिची विक्री कोठे होते यावर ते अवलंबून नाही.

काही जण द्राक्षासवाचा दाखला देतात. द्राक्षासवातही आंबण्यामुळे मद्यार्क तयार होतो, बाटलीवर तसे लिहिलेले असते. पण ते वैद्याच्या सल्ल्याने, काही चमचे, तेवढेच पाणी घालून आणि ठरावीक दिवस घ्यायचे असते. कोणी ते स्टीलच्या ग्लासातून घेत नाही.

कोणी अजिबात घेऊ नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, यकृताचा आजार किंवा कावीळ होऊन गेलेले, पूर्वी दारूचे व्यसन असलेले, आकडी येणारे, हृदयाचे ठोके अनियमित असणारे, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड फार वाढलेले यांनी वाइनच्या वाटेला जाऊ नये. बाळंतिणीला किंवा सर्दी झालेल्या लेकराला ‘उष्ण’ म्हणून चमचाभर ब्रँडी किंवा वाइन देण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. ती कृपया बंद करा.

औषधांचेही भान ठेवा. क्षयरोगाच्या गोळ्या चालू असताना दारू घेतली तर यकृताला इजा होण्याची भीती वाढते. मेट्रोनिडॅझोल चालू असताना घेतली तर उलट्या, चेहरा लाल होणे असे होऊ शकते. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांबरोबर श्वास मंदावतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे प्रमाण बिघडते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीबरोबर रक्तदाब एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडतो. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीही रोज पिणाऱ्याच्या यकृताला जड जाते. आपल्या भागात स्त्रियांत रक्त कमी असण्याचे प्रमाण फार आहे. वाइनमधील टॅनिन चहाप्रमाणेच अन्नातील लोह शोषू देत नाही, हेही लक्षात असू द्या. काही दमेकऱ्यांना वाइन टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फाइटने दम लागतो.

तुलूझकडून घ्यायचे तर काय?

तुलूझ आणि आसपासच्या भागातील लोक पांढऱ्या घेवड्याचा कासुले नावाचा पदार्थ आवडीने खातात. दक्षिण फ्रान्समध्ये कडधान्ये, भाज्या, फळे, मासे, ऑलिव्हचे तेल असा आहार जुना आहे, आणि दुपारी घरच्यांसोबत सावकाश बसून जेवण्याची पद्धत आहे. तिकडच्या लोकांच्या चांगल्या हृदयामागे काही असेल तर ते या साऱ्या जगण्यात शोधायला हवे. त्यातले बरेचसे आपल्या ताटात आहेच. आपला वाल, खाडीचे मासे, उन्हाळ्यातील करवंदे-जांभळे, कोकमाचे बिनसाखरेचे सार. सालीतला जो रंग वाइनमध्ये उतरतो तशाच जातीचा रंग जांभळात आणि कोकमातही असतो, आणि तो मद्यार्काशिवाय मिळतो. अर्थात जांभूळ हेही रक्तदाबाचे औषध नव्हे, तेव्हा ते खाऊन गोळी बंद करू नका. जेवणात मीठ, लोणची, पापड, सुकी मासळी कमी करा, रोज अर्धा तास भरभर चाला आणि तंबाखू-मशेरी सोडा. हृदयासाठी यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे.

शेवटी एक विनंती. डॉक्टरांपुढे किती पितो ते खरे सांगा. घरचे सोबत असतील तर त्यांना बाहेर थांबायला सांगा, पण आकडा खरा सांगा. किती बाटल्या, केवढा ग्लास, आठवड्यातून किती दिवस. तो कळल्याशिवाय आम्ही लिहिलेली चिठ्ठी अर्धवट असते. त्या इंजिनिअर मुलालाही मी हेच सांगितले की बाटली चांगली आहे, सणासमारंभाला पाहुण्यांसमोर उघडायची तर उघड, पण बाबांच्या औषधाच्या डब्याशेजारी ठेवू नकोस. त्याच्या बाबांची पुढची रक्तदाब तपासणी येत्या महिन्यात आहे. तुमची शेवटची कधी झाली होती, ते आजच घरातल्या कागदांत पाहून घ्या.